आवक-जावकच्या वैरागडेबाई

भोपाळच्या आमच्या नेहरू नगरात वैरागडेबाईंबद्दल आता सगळे हळहळून बोलतात. "बिचारी," म्हणतात. "स्वभावानं चांगली होती हो," म्हणतात. होती म्हणतात, जणू बाई मेल्या आहेत. बाई जिवंत आहेत. स्कूटरवरून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, चार इमली नावाच्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या एका सरकारी बंगल्यात जिवंत आहेत. हळहळणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी त्यांना गाडीत बसवताना आपापल्या गॅलरीतून पाहिलं होतं, आणि हातातला चहा गार होऊ दिला नव्हता. म्हणून मला ती हळहळ सोसत नाही. मी लिहिते आहे तेही कुणी हळहळ म्हणून वाचू नये.

शालिनी वैरागडे एका संचालनालयात आवक-जावक शाखेत लिपिक होत्या. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर पुन्हा शिक्का, क्रमांक, तारीख. एकतीस वर्षं हेच. बढतीची परीक्षा त्यांनी कधी दिली नाही. "वरचे लोक कागदावर मत लिहितात," त्या म्हणायच्या. "मी फक्त तो आला होता एवढं लिहिते. तेवढंच खरं असतं." नागपूरची राजधानी मोडली तेव्हा त्यांचे आजोबा कचेरीबरोबर भोपाळला आले. ती कहाणी बाई एका वाक्यात संपवायच्या: "टेबलं आली, कपाटं आली, मग आम्ही आलो. यादी त्याच क्रमानं होती."

उंच, हाडकुळ्या, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, जाड काचांचा चष्मा दोरीनं गळ्यात. जेवताना आधी गोड खायच्या, मग भाजी-पोळी. "शेवटपर्यंत जगले नाही तर?" असं त्याचं कारण. माणसाची पारख अक्षरावरून करायच्या आणि ती बहुतेक वेळा चुकायची. गोलगोल अक्षराच्या एका भामट्यानं त्यांच्याकडून तीन वर्षं फुकट अर्ज लिहून घेतले. मी लहानपणी त्यांना मावशी म्हणाले तर लगेच थांबवलं. "मी तुझ्या आईची बहीण नाही. बाई म्हण." आमच्या वस्तीतली मराठी मुलं घरात एक भाषा, जिन्यात दुसरी बोलतात. "मम्मीनं बोला की चावी द्या," असं कुणी म्हणालं की बाई दारातच उभं करायच्या. "आधी ठरव कोणत्या भाषेत मागतोस. मग देते."

माझे बाबा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात रद्दीला वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त निघत. एकोणिसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक काढलं, वस्तीतल्या पाण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाल शाईनं भरून परत आलं. बाई स्वतः घेऊन आल्या होत्या.

"'जनता पेटून उठली आहे' असं लिहिलंस. कुठे? मी सकाळपासून गॅलरीत उभी आहे."

"तशी भाषा असते बाई पत्रकाची."

"तुमच्या मीटिंगला किती माणसं होती?"

"नऊ."

"मग नऊ लिही न बापा. नऊ माणसांना पाणी नाही हे काय लहान आहे? जनता म्हटलं की कोणीच नाही."

तेव्हापासून मी त्यांची 'पत्रकवाली' झाले. त्यांना मी आवडत होते असं मी म्हणणार नाही. त्या माझ्यावर लाल पेन चालवत होत्या, आणि मी ते चालवू देत होते.

बाईंना आजार होता. तो त्यांनी कधी लपवला नाही, हेच वस्तीचं खरं दुखणं होतं. वर्ष-दीड वर्षानं एकदा मन चढायला लागायचं. झोप दोन तासांवर यायची, आवाज वाढायचा, सगळी भांडी बाहेर यायची, घासली जायची, आणि हातून वीस-वीस पानी टिपणं लिहिली जायची. मग उतरण, महिनाभर पडदे बंद. गोळ्या त्या नेमानं घ्यायच्या, दर दोन महिन्यांनी डॉक्टरकडे स्वतःच्या पायांनी जायच्या. चढ येतोय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि कळलं की त्या दारावर सूचना लावायच्या. टंकलेली, क्रमांक घातलेली, हिंदीत, कारण शेजारी हिंदी. मजकूर असा की आजपासून अंदाजे तीन आठवडे माझा आवाज मोठा राहील. औषध चालू आहे. त्रास झाल्यास दार वाजवून सांगावे, मी ऐकेन. पोलीस अथवा नातेवाईक यांना कळवू नये.

सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी एकदा ती सूचना हातात धरून वर आले. "मैडम, ये सब दरवाज़े पे मत लगाइए. कॉलोनी की इमेज ख़राब होती है."

"गुप्ताजी, आपके जागरण का लाउडस्पीकर जब बजता है, तब आप कौन-सी सूचना लगाते हैं?"

"वो तो भगवान का काम है."

"तो ये भी उसी का किया हुआ है. उससे पूछ लीजिए."

गुप्ताजी उतरले. सूचना राहिली. त्या तीन आठवड्यांत दोघी शेजारणींनी दार वाजवलं, बाईंनी दोन्ही वेळा माफी मागितली आणि भांडी ठेवून दिली. एवढ्यावर एक अख्खं आजारपण निभावलं होतं. एक दार, एक कागद, आणि कागदावर लिहिलेलं मानणारी दोन माणसं. याहून स्वस्त आरोग्य धोरण मला कुणी दाखवावं.

'नातेवाईक' या शब्दामागे एकच माणूस होता: धाकटा भाऊ विश्वास, मोठा अधिकारी, चार इमलीत राहणारा. वीस वर्षांपूर्वी, त्याची बदली मंत्रालयात झाली आणि घरी मोठी माणसं येऊ लागली तेव्हा, त्यानं बाईंना दुसऱ्या शहरातल्या मनोरुग्णालयात त्रेचाळीस दिवस ठेवलं. सही त्याची. त्या दिवसांबद्दल बाई माझ्याशी एकदाच बोलल्या, तेही पोह्यांसाठी कांदा चिरत.

"पहिल्याच दिवशी चष्मा काढून घेतला. म्हणे काच आहे, इजा होईल. मला समोरचा माणूस दिसेना. डॉक्टर विचारतो, मी कोण आहे? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यानं लिहिलं, ओळख पटत नाही." कांदा कढईत टाकून त्या म्हणाल्या, "त्याचं अक्षर मात्र चांगलं होतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आता सरकारबद्दल. त्यांच्या संचालनालयात एका हिवाळ्यात मानसिक आरोग्याचा सप्ताह झाला. जिन्यात फ्लेक्स लागला: 'मन खोलिए, मुस्कुराइए'. त्याच्याखाली फोटो काढायला पुठ्ठ्याची चौकट. संचालकांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना व्हरांड्यात उभं करून शपथ दिली, की आम्ही मनाच्या आजाराची लाज बाळगणार नाही, कुणाला हिणवणार नाही. बाई पहिल्या रांगेत होत्या. हात पुढे करून अख्खी शपथ म्हणून आल्या आणि संध्याकाळी माझ्याकडे चौकशी केली. "तू ते मनाच्या आजाराच्या कायद्याचं पत्रक वाटून राहिली आहेस न? आण एक."

कायदा साधा आहे. माणूस ठीक असताना लिहून ठेवू शकतो की उद्या माझं मन बिघडलं तर कोणते उपचार मला चालतील, कोणते नाहीत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. दोन साक्षीदारांच्या सह्या, मग त्यासाठी नेमलेल्या मंडळाकडे नोंद. त्याला अग्रिम निर्देश म्हणतात. मी आणलेल्या पत्रकावर त्या दिवशी पहिल्यांदाच लाल शाई चालली नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे खरं आहे? म्हणजे विश्वासची सही चालणार नाही?"

"तुम्ही लिहिलं तर नाही चालणार."

चार रविवार आम्ही त्यांच्या टेबलाशी बसलो. मला मसुदा जळजळीत हवा होता, माणसाची प्रतिष्ठा, राज्याची दडपशाही वगैरे. बाईंनी सगळं खोडलं. त्यांचे मुद्दे असे होते: माझा चष्मा काढून घेऊ नये. मला 'अम्मा' म्हणू नये. केस कापायचे तर मला विचारावे. अमुक गोळीने माझी जीभ जड होते व मी मूर्ख दिसते, ती देऊ नये. तमुक गोळी मला सोसते, ती द्यावी. मला बांधू नये. माझ्याविषयी माझ्यासमोर बोलावे. माझे बंधू विश्वास यांनी माझ्या वतीने कोठेही सही करू नये; त्यांच्याविषयी माझा राग नाही, फक्त सही नको.

प्रतिनिधीची ओळ आली तेव्हा मी पेन घेऊन तयारच होते.

"तुझं नाव नाही लिहायचं," बाई म्हणाल्या.

"का?"

"तू भाषण करशील. मला तिथे गप्प बसणारं माणूस पाहिजे."

त्यांनी रईसाबींचं नाव लिहिलं. रईसाबी त्याच संचालनालयात शिपाई, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणाऱ्या. दोघी पंधरा वर्षं एका बाकावर डबा खात होत्या. रईसाबींना बोलावून बाईंनी सगळं समजावलं.

"तो अपन को क्या करना है, बाजी?"

"मुझे ले जाएँ तो साथ में बैठना है. पूछें तो ये काग़ज़ दिखाना है. बस."

"लड़ना नहीं है?"

"लड़ने के लिए ये है," म्हणून बाईंनी माझ्याकडे बोट केलं. दोघी हसल्या. मला ते लागलं, अजून लागतं.

मग मंडळाचा शोध. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर उत्तर मिळालं, यहाँ नहीं होता. जिल्ह्याच्या कचेरीत म्हणाले, नमुना आणा. नमुना नेला तर म्हणाले, हा नमुना बरोबर आहे का ते मंडळच सांगेल. मंडळ कुठे? शोधा. एका टेबलावरच्या साहेबांनी कागद वाचून बाईंना विचारलं, "मैडम, आप तो ठीक लग रही हैं. फिर ये क्यों?"

"ठीक हूँ, इसीलिए लिख पाई हूँ."

"तो जब ठीक नहीं रहेंगी, तब आइए."

हे मी रचलेलं नाही. माझ्यासमोर घडलं. ठेवून जा म्हणणारे पुष्कळ भेटले, पण मिळाल्याचा शिक्का मारून द्यायला कुणी तयार होईना, आणि शिक्का नसलेला कागद बाईंच्या लेखी जन्मलेलाच नव्हता.

मी म्हणाले, रजिस्टर पोस्टानं पाठवा, वर वकिलाची नोटीस धाडू. तेव्हा बाईंनी ठरवलं ते ऐकून माझा विश्वास बसला नाही.

"मी शासकीय सेवक आहे. शासनाकडे माझा कागद जायचा तर कार्यालयामार्फतच जाईल."

"बाई, हा तुमचा खाजगी कागद आहे! तुमच्या आजाराचा आहे!"

"एकतीस वर्षं लोकांचे कागद मी परत केले. 'उचित माध्यम से प्रस्तुत करें' असा शेरा मारून. बाळंतपणाच्या रजेचे केले, मेलेल्या नवऱ्याच्या पेन्शनचे केले. आता स्वतःचा मागच्या दारानं पाठवू?"

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. ज्याला सरकारची भीती वाटते तो असं करत नाही. ज्याला सरकारची पर्वा नाही तोही करत नाही. सरकार आपल्यासारखंच नियमानं चालतं असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं, तोच असं करतो. आणि मी, जिला चांगलं ठाऊक होतं, मी तिसऱ्यांदा नको म्हणाले नाही. मनात म्हटलं, चढू दे फायलीवर, लेखी उत्तर द्यावंच लागेल, मग बघू. मला लढाई दिसत होती. बाई दिसत नव्हत्या.

सोमवारी त्यांनी आपला अर्ज आपल्याच टेबलावर आणला. रजिस्टरात नोंद केली, शिक्का मारला, क्रमांक घातला, तारीख घातली. 'प्रेषक' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. रईसाबींनी तो उचलून पहिल्या टेबलावर नेला.

पुढचं मला रईसाबींकडून कळलं. फाइल चार टेबलं फिरली. "हर मेज़ पे मोटी होती गई, बिटिया. हर साहब एक पन्ना जोड़ें और अपन को ऐसे देखें जैसे अपन छूत लेके चल रिये हों." पहिल्या टेबलानं लिहिलं, कर्मचाऱ्यानं मानसिक रोग असल्याचं स्वतः कबूल केलं आहे. दुसऱ्यानं लिहिलं, अशा कर्मचाऱ्याकडे महत्त्वाची पत्रं देणं कितपत योग्य, याचा विचार व्हावा. तिसऱ्यानं फक्त सही केली. चौथं टेबल संचालकांचं, शपथ देणाऱ्यांचं. त्यांनी आदेश दिला की कार्यालयाच्या हितासाठी हिची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, तोवर सक्तीची रजा, आणि जवळच्या नातेवाइकास कळवावे. मंडळाकडे अर्ज पाठवण्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. माझी काळजी कशी घ्यावी असं सांगणारा कागद आत गेला, आणि ही बाई ताब्यात घेण्याजोगी आहे असा कागद बाहेर आला.

आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद जायचा कुठून? आवक-जावकमधून. आदेशाच्या दोन प्रती बाईंच्याच टेबलावर आल्या. एक तपासणीसाठी, एक श्री. विश्वास वैरागडे, चार इमली, यांना.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा मी जिन्यातच होते. त्यांनी सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

"मग? तुम्ही काय केलंत?"

"जावक क्रमांक टाकला. लिफाफे बंद केले. पाठवले."

"पाठवले? भावाचं पत्र तुम्ही पाठवलंत? फाडायचं होतं! हरवायचं होतं! निदान आठ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवायचं होतं!"

"ओरडू नको. माझ्या टेबलावरून आजपर्यंत एक कागद हरवला नाही."

"तुमचं आयुष्य आहे बाई ते!"

"हो न. म्हणून तर." त्या दोन पायऱ्या चढल्या, मग वळल्या. "उद्या म्हणतील, वेडी होती, कागद दाबून ठेवायची. ते मी म्हणू देणार नाही."

आठव्या दिवशी सकाळी पांढरी गाडी आली. विश्वास, सोबत दोन माणसं आणि एक नर्स. बाई नुकत्याच न्हाल्या होत्या, केस ओले होते. चढ नव्हता, उतार नव्हता. दारावर सूचना नव्हती. रईसाबींना मी फोन केला, त्या रिक्षानं आल्या, पिशवीतून अर्जाची प्रत काढली आणि विश्वासच्या पुढे धरली. त्यानं ती वाचली. हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं, पूर्ण वाचली.

"मंडळानं नोंदवलंय हे?" त्यानं मला विचारलं.

"मंडळ सापडत नाही म्हणून..."

"म्हणजे नाही. मग ही चिठ्ठी आहे."

"कायद्यानं ती त्यांची इच्छा आहे!"

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं झालं असतं. "तू किती वर्षांची आहेस? वीस वर्षांपूर्वी एकोणीस दिवस ती झोपली नव्हती. गच्चीच्या कठड्यावरून तिला मी ओढून खाली घेतलं, तेव्हा तिची इच्छा मी विचारली नाही. तू विचारली असतीस?"

याचं उत्तर मी आता देते. नाही, त्या क्षणी मीही विचारलं नसतं. पण कठड्यावरून ओढून घ्यायला एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटाच्या बळावर माणूस दुसऱ्याचं वीस वर्षांचं आयुष्य आपल्या सहीखाली घेऊ शकत नाही. जी बाई कठड्यावर नाही, जी केस पुसत आपल्या दारात उभी आहे, तिला विचारायला काय हरकत होती? विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

बाई स्वतः चालत खाली उतरल्या. त्यांनी रईसाबींना गाडीत घ्यायला सांगितलं. विश्वास म्हणाला, जागा नाही. जागा होती.

बाईंना पुन्हा दुसऱ्या शहरातल्या त्याच रुग्णालयात नेलं; तिथे काय झालं ते फार लिहीत नाही. चष्मा पहिल्या दिवशी गेला. जीभ जड करणारी ती गोळी पहिल्या दिवशी आली. रईसाबी तीनदा बस करून त्या शहरात गेल्या आणि तिन्ही वेळा फाटकातून परतल्या, नातेवाईक नाही म्हणून. कायदा म्हणतो, महिन्यापेक्षा जास्त ठेवायचं तर मंडळाची परवानगी लागेल, मंडळ तपासणी करेल. म्हणून विश्वासनं अठ्ठाविसाव्या दिवशी बहिणीला बाहेर काढलं आणि आपल्या बंगल्याच्या मागच्या खोलीत ठेवलं. इथे सगळा कायदा संपतो. रुग्णालयात निदान पलंगाला क्रमांक असतो, रजिस्टर असतं, कधीतरी येणारा तपासनीस असतो. घराला काहीच नसतं. घरात फक्त काळजी असते, आणि काळजीला कुणी जाब विचारत नाही. फाटकावर सरकारी पगाराचा रखवालदार बसतो, तो साहेबांच्या बंगल्यासाठी आहे की साहेबांच्या बहिणीसाठी हेही कुणी विचारत नाही.

मी तिथे एकदा गेले. विश्वासच्या बायकोनं चहा दिला. "बघ, किती शांत झाल्या आहेत," ती म्हणाली. बाई व्हरांड्यात खुर्चीवर होत्या. चेहरा सुजल्यासारखा भरलेला, केस कानापर्यंत कापलेले, नवा चष्मा, हाताला कंप. मी शांत राहणार होते, तसं ठरवून गेले होते. पण ते 'शांत' ऐकलं आणि राहवलं नाही. कलमं म्हटली, वकिलाचं नाव घेतलं, घरकैद म्हणाले, तुरुंग म्हणाले. विश्वास आतून आला, सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "डॉक्टरांना फोन कर. बाहेरच्या लोकांनी ही अस्वस्थ होते."

बाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. शब्द एकेक करून, जडपणे आले.

"तू येऊ नको."

"बाई, मी तुमच्यासाठी..."

"तू बोललीस की... माझी गोळी वाढते." त्या थांबल्या, श्वास घेतला. "रईसाला पाठव. तू नको."

मी रईसाबींना पाठवलं. त्या दर शुक्रवारी दुपारी जातात, कुणाशी वाद घालत नाहीत, साहेबांना सलाम करतात, बाईंच्या पायाला तेल लावतात आणि त्यांना बागेत फिरवतात. हे विश्वासनं चालू दिलं आहे, कारण त्याच्या दृष्टीनं त्या मोलकरीण आहेत. वकिलाचं काम मी चालवते आहे, माझ्या जागेवरून. तारखा पडतात.

गेल्या शुक्रवारी मी चार इमलीत गेले, पण बंगल्यात नाही. रस्त्याच्या पलीकडच्या झाडाखाली स्कूटर लावून उभी राहिले. मला फक्त पाहायचं होतं. दोघी बागेच्या दोन फेऱ्या मारून फाटकाशी आल्या. फाटक उघडंच होतं, साहेबांची गाडी यायची वेळ होती. बाई बाहेर पाऊल टाकणार तोच रखवालदार आडवा झाला. "अंदर, माताजी. साहब नाराज़ होंगे." बोलायला बाईंना आता फार वेळ लागतो. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, चपला काढून रईसाबींच्या हातात दिल्या, आणि हळूहळू, एक हात जमिनीला टेकून, फाटकाच्या मधोमध खाली बसल्या. मांडी घालून. फाटक लावता येईना. रखवालदार 'माताजी, माताजी' करत भोवती फिरू लागला, हात लावायची त्याची हिंमत होईना. तेवढ्यात वळणावरून पांढरी गाडी आली आणि तिनं हॉर्न दिला. बाई बसून राहिल्या. पुन्हा हॉर्न. गाडीचं दार उघडलं.

माझे पाय रस्त्यावर गेलेच होते. घोषणासुद्धा घशात आली होती. मी पाय मागे घेतले, स्कूटर वळवली आणि निघाले. तू नको, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं एवढं तरी कुणीतरी ऐकायला हवं होतं.